गाणं टुंड्रावर, पोट खाडीवर

माझा मामा ठाण्याच्या खाडीवरचा जुना पक्षीनिरीक्षक. ओहोटी कधी लागते, चिखल आधी कुठे उघडा पडतो, कुठला थवा कुठल्या मिठागरावर भरती काढतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. मी राहते नॉर्वेत, आणि उन्हाळा आला की ध्वनिमुद्रक घेऊन वरांगरला जाते. हा देशाचा ईशान्य कोपरा, साधारण ७० अंश उत्तर अक्षांशावरचा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे सूर्य मावळत नाही.

आमच्यातला वाद जुना आहे. मामा म्हणतो, या पक्ष्यांचं भवितव्य हिवाळ्यातल्या चिखलावर ठरतं. विणीच्या काळातलं गाणं म्हणजे दोन-चार आठवड्यांचं प्रकरण, त्यामागे वेळ आणि पैसा घालवू नये. मी म्हणते, ज्याने पक्ष्याला त्याच्या जागी गाताना पाहिलं नाही, त्याला तो पक्षी अर्धाच ठाऊक. या जूनमध्ये मामा इकडे आला आणि भांडण थेट टुंड्रावर झालं. वाडसो गावासमोरच्या वाडसोया बेटावर एक उथळ तळं आहे, तिथे आम्ही बसलो होतो. तळ्यापलीकडे तो लोखंडी मनोरा दिसतो, ज्याला १९२६ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेलं अॅमंडसेनचं ‘नोर्गे’ हे हवाई जहाज बांधलं होतं. लोक मनोरा बघायला येतात. आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

मामा : दीड वाजलाय रात्रीचा, आणि डोळ्यांवर ऊन येतंय. तो दगडावर बसलाय, तो आपला टिलवाच ना?

मी : हो, टेमिंक्स स्टिंट. पाय बघ, पिवळसर. पाठीवर मोजकी काळी पिसं.

मामा : आपल्याकडे तळ्यांच्या काठाला असतो की हिवाळाभर. रंग असा, की ढेकळांत हरवतो. पायाखालून उठला की बारीक ‘टिर्रर्र’ करतो. तेवढाच त्याचा आवाज मला माहीत.

मी : आता बोलू नकोस. उठतोय.

(दगडावरून तो तिरका वर चढला. बऱ्यापैकी उंचीवर गेल्यावर पंख पाठीवर उभे धरले आणि थरथरवत एका जागी तरंगू लागला. वारा त्याला ढकलत होता, तो पुन्हा पहिल्या जागी येत होता. या सगळ्या वेळात गाणं चालूच होतं: रातकिड्यासारखी एकसुरी, न तुटणारी किरकिर. त्याने तोंड वळवलं की आवाज बारीक व्हायचा, पुन्हा आमच्याकडे वळला की मोठा. मग तो उतरला, दुसऱ्याच दगडावर. बसल्यावरही क्षणभर पंख उभेच होते.)

मामा : श्वास कधी घेतो हा?

मी : हेच तुला दाखवायचं होतं.

मामा : बघितलं, आवडलं. तरी माझं म्हणणं बदलत नाही. वर्षाचे महिने मोज. इथे हा मेअखेरीला येतो आणि ऑगस्टपर्यंत परततो. बाकीचं सगळं वर्ष प्रवासात आणि आपल्यासारख्यांच्या पाणथळींवर. त्यातही हे गाणं सुरुवातीचं थोडे दिवस. एवढ्याशा भागाला तुम्ही पक्ष्याचं आयुष्य म्हणता, आणि उरलेलं वर्ष जणू रिकामं.

मी : रिकामं कोण म्हणतंय? पण हा वर चढतो का, ते आधी बघ. इथे झाड नाही. गुडघाभर विलो, बाकी शेवाळ, दगड, डबकी. जमिनीलगत आवाज काढला तर तो गवतामातीत जिरतो आणि वाऱ्याने मोडतो. वर गेलं की तोच आवाज कितीतरी लांब पोहोचतो, शिवाय गाणाराही दिसतो. आपल्या माळावरचे चंडोल हेच करतात. डोंबारी वर चढतो आणि झेपा टाकत खाली येतो, ते तू मला लहानपणी सासवडजवळ दाखवलं होतंस. माळावर झाड नाही, टुंड्रावर झाड नाही, म्हणून दोन्हीकडे गाणं आकाशात.

मामा : मग डोंबाऱ्यासाठी सासवडच पुरे होतं.

मी : डोंबाऱ्यासाठी पुरे, टिलव्यासाठी नाही. याचा संसार ऐक. मादी एका नराच्या हद्दीत चार अंडी घालते आणि ती त्याच्यावर सोपवून निघून जाते. दुसऱ्या नराशी जोडी जमवते, पुन्हा चार अंडी घालते आणि ती स्वतः उबवते. तिच्या पहिल्या नराकडेही मधल्या काळात दुसरी मादी येऊ शकते. उन्हाळा इतका तोकडा, की एकामागून एक दोन वेळा पिल्लं वाढवायला सवडच नसते. म्हणून दोन घरटी जवळजवळ एकाच वेळी, दोन पालकांकडे वाटून. ती तरंगत म्हटलेली किरकिर या सगळ्या व्यवहाराची सुरुवात आहे. तुझ्या तळ्याकाठी दहा टिलवे उभे असले, तर त्यातला कोण कुणाचा बाप हे तुला कधीच कळणार नाही.

मामा : बाप कोण हे मला कशाला हवंय? दहाचे आठ झाले का, एवढं मला हवंय. आणि आठ झाले असतील तर त्याचं कारण बहुतेक वेळा तळ्यावरच्या भरावाचा डंपर असतो.

मी : तू आता पाण्याकडे बघ. त्या दोघी लालसर मानेच्या.

मामा : फॅलॅरोप. गरगर फिरतायत. त्यातली उजळ मादी, एवढं पुस्तकातून माहीत आहे.

मी : त्या दोघी भांडतायत ते त्या मळकट नरासाठी. इथे नटणं, पाठलाग करणं, पुढाकार घेणं सगळं मादीचं. अंडी घातली की ती निघून जाणार, उबवणं आणि पिल्लं त्याच्या गळ्यात. आता ही जाते कुठे बघ. स्कँडिनेव्हियातले लाल मानेचे फॅलॅरोप हिवाळ्याला अरबी समुद्रात येतात. शेटलंड बेटांवरच्या एकाच्या पायाला नोंदयंत्र बांधलं होतं, तो निघाला पार पॅसिफिकमध्ये, इक्वेडोर-पेरूच्या बाजूला. इथले मात्र आपल्याच समुद्रात, आणि तरी आपल्याला क्वचित दिसतात, कारण ते किनाऱ्यापासून लांब राहतात. तुझ्या चिखलावरच्या मोजणीत हा पक्षी येणारच नाही. त्याला मोजायचं तर अशा तळ्यावरच यावं लागेल.

मामा : हे मात्र मान्य. लिहून घेतो.

(इथे तो खरोखर वही काढून लिहीत होता. मागच्या विलोत शंकर गात होता. हिवाळ्यात आपल्या बोरूच्या बेटांत लपूनछपून राहणारा, निळ्या गळ्याचा, मधे तांबूस ठिपका असलेला. इथे तो शेंड्यावर उघड्यावर बसतो, उंच उडतो आणि शेपटीचा पंखा करून गात गात खाली येतो. मधूनच त्यात दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज गुंफतो. मामाने मान वळवून बराच वेळ ऐकलं.)

मामा : मार्चअखेरीला बोरूत हा पुटपुटतो, अगदी हळू. तीच ही चीज?

मी : तीच, पण तिथे तोंडातल्या तोंडात. तुला हिवाळाभर मिळते ती तालीम, मैफल इकडे होते.

मामा : आणि मैफलीचा खर्च कोण देतो? आता माझं ऐक. खाडीतल्या ओहोटीला हे पक्षी चिखलातले किडे अक्षरशः शिवणयंत्राच्या वेगाने टिपतात. एप्रिलपर्यंत अंगावर चरबी चढते. काही जाती तर निघण्याआधी वजन दीडपट, दुप्पट करतात. त्या इंधनावर इथवर यायचं. म्हणजे तू जे गाणं मुद्रित करतेस ते आमच्या चिखलातून आलेलं आहे. अंडीही.

मी : अंडी नाहीत. यावर नेमका अभ्यास झालाय, २००१ साली ‘नेचर’मध्ये आला. ग्रीनलँड आणि कॅनडातल्या पाणपक्ष्यांच्या पिल्लांचं पहिलं मऊ पीस घेतलं आणि त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण तपासलं. ते पीस अंड्यातल्या ऐवजातून बनतं. समुद्रकाठच्या अन्नाची खूण वेगळी, टुंड्राच्या अन्नाची वेगळी. निघालं काय, तर अंडी टुंड्रावर आल्यानंतर खाल्लेल्या अन्नातून बनतात, दक्षिणेहून आणलेल्या चरबीतून नाही.

मामा : हंऽऽ. म्हणजे इथे येऊन पुन्हा पोट भरायचं, मग अंडी.

मी : त्यासाठी बर्फ वेळेवर वितळायला हवा आणि किडे वेळेवर निघायला हवेत.

मामा : पण इथे पोहोचल्यावर बर्फ वितळेपर्यंत तग कशावर धरायचा? ते इंधन कुठलं? तुझ्या अभ्यासाने अंडं टुंड्राचं ठरलं असेल, अंडं घालणारी मादी तरी चिखलानेच इथवर आणली.

मी : ते खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि हवंही नाही.

मामा : आता मला पाहण्याच्या पद्धतीबद्दल बोलायचंय. टिनबर्गन वाचलायस ना? १९३२-३३मध्ये बायकोसह पूर्व ग्रीनलँडला जाऊन इन्युइट लोकांमध्ये राहिला. वसंतात स्नो बंटिंगच्या नरांसमोर बसून राहायचा. नर माद्यांच्या कितीतरी आधी येतात, बर्फात हद्दी धरतात आणि गातात. जोडी जमली की गाणं ओसरतं. गाणं कशासाठी, याचं उत्तर त्याने वही-पेन्सिलीने काढलं. हाच फॅलॅरोपही त्याने तिथे अभ्यासला. पुढे १९७३चं नोबेल मिळालं त्याला. बसून राहणारा माणूस लागतो, तुझ्या यंत्रांचं काय?

मी : टिनबर्गन माझाही आवडता आहे. पण बसून राहणाऱ्याला काय दिसत नाही ते ऐक. अलास्काच्या उत्तर टोकावर उत्कियाग्विक नावाचं गाव आहे, पूर्वीचं बॅरो. तिथे पेक्टोरल सँडपायपर वीण करतो. नर गळा आणि छाती फुगवून जमिनीलगत उडतो आणि घुमल्यासारखा खोल ‘हू हू’ आवाज काढत मादीवरून जातो. घरट्याकडे, पिल्लांकडे तो बघतही नाही. सगळा भर गाण्यावर आणि मारामारीवर. तू दलदलीच्या काठावर बसलास तर म्हणशील, हा या दलदलीतला नर. सगळे तसंच समजत होते. मग कंपनार्स आणि वाल्कू या संशोधकांनी १२० नरांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. निष्कर्ष २०१७मध्ये छापून आले. बहुतेक नर थोडा वेळ थांबून पुढे सटकत होते. एकेकाने एका हंगामात २४पर्यंत वेगवेगळ्या जागी नशीब आजमावलं. एकाने तर त्याच हंगामात १३,०४५ किलोमीटर अंतर कापलं. हे स्थलांतराव्यतिरिक्त. सगळा आर्क्टिक किनारा त्यांना एकच गाव.

मामा : तेरा हजार! माद्यांच्या शोधात?

मी : हो. आणि झोपेचं तर विचारूच नकोस. त्याच ठिकाणी लेस्कू, कंपनार्स आणि सहकाऱ्यांनी नरांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. ‘सायन्स’मध्ये २०१२ साली आलं. सूर्य मावळत नाही, माद्या कधीही फलनाला तयार असतात, म्हणून नर झोपच टाळतात. एक नर १९ दिवसांत ९५ टक्क्यांहून जास्त वेळ जागा होता. पिल्लांची आनुवंशिक तपासणी केली तेव्हा दिसलं, की सगळ्यात कमी झोपलेल्या नरांना सगळ्यात जास्त संतती. कुठल्याही काठावर बसून हे दिसलं नसतं.

मामा : दिसलं नसतं, हे कबूल. पण यंत्राने तुला तो कुठे होता हे सांगितलं, तिथे तो काय करत होता हे सांगितलं का? घुमताना छाती किती फुगते, मादी वळून बघते का उठून जाते, हे कुणीतरी दलदलीत बसून आधी लिहून ठेवलं होतं, म्हणून उपग्रहाच्या टिंबांना अर्थ आला.

(इथे मामाचा मुद्दा मला पटला, आणि मी तसं म्हणालेही. टिंबं आणि टिपणं दोन्ही लागतात. मात्र आता मी टिपणांचं काम अधिक करते ते मामामुळेच.)

मामा : मघापासून डोक्यावर काहीतरी गुणगुणतंय. हा कोण?

मी : पाणलावा. घशातून गात नाहीये तो. वर बघ, फेऱ्या मारतोय, आता तिरपा सूर मारेल. शेपटीची बाहेरची दोन पिसं त्याने ताठ बाजूला काढलीत, दिसतात? सूर मारताना हवा त्यांच्यावरून जाते आणि ती थरथरतात. गुणगुण त्या पिसांची.

मामा : भातखाचरातला पाणलावा! तिथे तो पायाशी येईपर्यंत हलत नाही आणि उठला की खरवडल्यासारखा ओरडून पळतो. शेपटीकडे मी कधी नीट बघितलंच नाही. (थोडा वेळ गप्प.) आणि भाटांसारखे गळपट्टे फुलवणारे ते रफ? आपल्याकडे हजारोंनी येतात.

मी : ते उलटं उदाहरण. त्यांच्या रिंगणात जवळजवळ शांतता असते. नर नुसते गळपट्टे फुलवतात, झेपावतात, ताठ उभे राहतात. बहुसंख्य नर गडद पट्ट्याचे, स्वतःची जागा राखणारे. काही पांढऱ्या पट्ट्याचे, त्यांच्या आसपास राहून संधी साधणारे. आणि शंभरात एखादा पट्टाच नसलेला, मादीसारखा दिसणारा. हे तिन्ही प्रकार जनुकांनी ठरतात, एकाच गुणसूत्राचा तुकडा उलटा जडल्यामुळे, आणि हा बदल सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वीचा आहे.

मामा : हे सगळं भारी आहे. आता मी माझा शेवटचा मुद्दा मांडतो, मग झोपू. तुम्ही गाणं मुद्रित करता, उड्डाणं मोजता. एवढं गाऊन पिल्लं किती झाली, ते कुठे दिसतं?

मी : घरट्यांवर. पण ते फार थोड्या ठिकाणी नीट बघितलं जातं. ईशान्य ग्रीनलँडमध्ये झाकेनबर्गला डेन्मार्कचं संशोधन केंद्र आहे. २०१८ साली तिथे बर्फ इतका जास्त पडला आणि इतका उशिरा वितळला, की पाणपक्ष्यांनी जवळजवळ घरटीच केली नाहीत. पक्षी आले होते. उपाशी, केंद्राच्या आसपास घोटाळत होते.

मामा : म्हणजे पक्षी येतात आणि पिल्लं होत नाहीत. आता कर्ल्यू सँडपायपर घे. ते सैबेरियाच्या तैमीर भागातून आपल्याकडे येतात. ऑगस्टमध्ये आधी प्रौढ, पोटावर विटकरी रंगाचे उरलेसुरले डाग. पिल्लं मागून, सप्टेंबरात. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार, छातीवर पिवळट झाक, सगळी पिसं कोरी. काही वर्षी थव्यात पिल्लंच पिल्लं, काही वर्षी शोधावी लागतात. त्यावरून मला ठाण्यात बसून कळतं, तिकडचा उन्हाळा कसा गेला.

मी : आणि कारण लेमिंग, टुंड्रावरचे उंदरासारखे प्राणी. लेमिंग वाढले की आर्क्टिक कोल्हे आणि शिकारी पक्षी त्यांच्यावर पोट भरतात, घरटी वाचतात. पुढे लेमिंग कोसळतात आणि तेच कोल्हे अंड्यांकडे वळतात. कर्ल्यू सँडपायपरच्या पिल्लांची संख्या या चक्राबरोबर वरखाली होते, हे हिवाळी प्रदेशांतल्या नोंदींवरूनच लक्षात आलं.

मामा : बघ! तुझ्या गाण्याचा निकाल माझ्या चिखलावर लागतो.

मी : आणि तुझ्या आकड्याचं कारण माझ्या टुंड्रावर सापडतं. पिल्लं कमी दिसली, तर ती इथे जन्मलीच नाहीत, की वाटेत मेली, की ठाण्यात उतरायला जागाच उरली नाही?

मामा : या तिसऱ्याची भीती मला रोज असते. शिवडीचा चिखल तुला आठवत असेल. आता तिथून अटल सेतू निघतो, जानेवारी २०२४पासून गाड्या धावतायत. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, २०२२मध्ये रामसर यादीतही आलं. चांगलं झालं. पण भरतीला पक्ष्यांना टेकायला मिठागरं आणि उरणकडची पाणथळ लागते. ती गेली तर खाडी नकाशावर राखून उपयोग काय? दोन पैसे असतील तर मी ते आधी तिथेच घालणार.

मी : घाल. मी यापुढेही इकडे येणार.

आमचं एकमत झालं नाही. मामा अजूनही म्हणतो, की आर्क्टिकला जाणं ही चैन आहे. मी मानते, की ज्या नराला आपण रात्रीच्या उन्हात थरथरत्या पंखांवर गाताना पाहिलं, त्याच्या तळ्यावर भराव पडताना गप्प बसणं अवघड जातं, आणि म्हणून या प्रवासाचं मोल आहे. मामा गप्प बसणारा नाही, हे गाणं न ऐकताही. पण सगळे मामा नसतात.

एका गोष्टीवर मात्र दोघं ठाम आहोत, म्हणून वाचकांना विनंती. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत शिवडी, ऐरोली, उरण, किंवा कोकण-गोव्याच्या कुठल्याही खाडीवर गेलात, तर थव्याचा नुसता एकूण आकडा लिहू नका. फिकट किनारीच्या कोऱ्या पिसांची पिल्लं किती आणि प्रौढ किती, हे वेगळं लिहा. ई-बर्डच्या नोंदीत वयाप्रमाणे आकडे भरायची सोय आहे. पुढे ती पिसं झिजतात, बदलतात आणि लांबून ओळखणं कठीण होतं. तेव्हा हे काम पावसाळा ओसरतानाच करावं लागेल.